खिडकीतून किती द्यावे?

शाळेच्या ग्रंथालयासाठी तुम्ही संगणकाचा प्रोग्रॅम करायला घेतला आहे असे समजा. डेटाबेसमधील कोष्टकात प्रत्येक सभासदाची एक ओळ आहे : क्रमांक, नाव, इयत्ता, घरचा पत्ता, पालकांचा दूरध्वनी, घेतलेली पुस्तके. ब्राउझरला या कोष्टकाला थेट हात लावू देत नाहीत. मध्ये एक खिडकी ठेवतात. तिलाच एपीआय एंडपॉइंट म्हणतात. ‘/सभासद/४१२’ अशी मागणी आली, की सर्व्हर डेटाबेसला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारतो, मिळालेली ओळ जेसन नावाच्या साध्या मजकुरात मांडतो आणि परत पाठवतो. सोबत २०० हा आकडा असतो, म्हणजे काम झाले. नोंदच नसेल तर ४०४.

दहा-बारा ओळींत हे जमते. पडद्यावर पहिली नोंद उमटली की मोठी मौज वाटते. परंतु शिकवणारे बहुधा तेथेच थांबतात, आणि हे मला मुळीच पटत नाही.

नवशिका हमखास ‘सिलेक्ट स्टार’ लिहितो, म्हणजे सगळी ओळच मागवतो. पडद्यावर नाव आणि पुस्तके एवढेच दाखवले, तरी पत्ता व दूरध्वनी जेसनमधून बाहेर गेलेलेच असतात. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही ते वाचू शकतो. म्हणून हवे तेवढेच रकाने नाव घेऊन मागावेत.

दुसरी चूक याहून घातक. ४१२ च्या जागी कोणी ४१३ लिहिले तर? फर्स्ट अमेरिकन या अमेरिकेतील मालमत्ता-हक्क विमा कंपनीच्या संकेतस्थळावर नेमके हेच शक्य होते. दुव्यातील कागदपत्राचा क्रमांक बदलला, की दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा कागद समोर येई. पासवर्ड नाही, काही नाही! २०१९ च्या मे महिन्यात हे उघडकीस आले, तेव्हा सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे अशी उघडी होती. त्यांत बँक खात्यांचे क्रमांकही होते.

यावर कोणी म्हणतील, क्रमांक लांबलचक आणि अंदाज न येणारे ठेवा. जरूर ठेवा, पण ते किल्ली पायपुसण्याखाली लपवण्यासारखे झाले. मागणारा कोण आहे आणि ही नोंद त्याला पाहण्याचा अधिकार आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक मागणीला तपासलेच पाहिजे. एपीआयच्या सुरक्षिततेतील धोक्यांची ओवास्प या संस्थेची यादी पाहा. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी ही तपासणी नसणे हाच पहिल्या क्रमांकाचा धोका होता.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रोग्रॅमला गुण देण्यापूर्वी दोन विद्यार्थ्यांना आपापल्या नावाने लॉगिन करायला लावा आणि एकाला दुसऱ्याची नोंद मागू द्या. उत्तर २०० आले, तर गुण राखून ठेवा. ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, आले तर चालेल. मी स्वतः मात्र ४०४ च देईन. ४०३ ने अशी नोंद आहे एवढे तरी मागणाऱ्याला कळतेच.