गाण्याचे बोट धरून अक्षर

संगीतात एम.ए. झालेली मुलगी घरी म्हणते, "मला पीएच.डी. करायची आहे. गाण्यामुळे मुलं वाचायला लवकर शिकतात का, हे शोधायचं आहे." आई म्हणते, "अगं, गाणं वेगळं आणि धडे वेगळे!" वडिलांचा प्रश्न सरळ असतो, "याचा पुढे उपयोग काय?"

प्रश्न चुकीचा नाही. पण गाणे आणि अक्षर यांचे नाते पाहायचे असेल, तर लखनौसारखे दुसरे शहर नाही.

1926 मध्ये इथे मॅरिस म्युझिक कॉलेज सुरू झाले. त्यामागे होते मुंबईच्या वाळकेश्वरचे पंडित विष्णु नारायण भातखंडे. पेशाने वकील असलेल्या या मराठी माणसाने गुरुमुखातून शिकवले जाणारे संगीत स्वरलिपीत लिहून ठेवले. रागांवरचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथही त्यांनी मराठीत लिहिला. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या कॉलेजचे अनेक वर्षे प्राचार्य होते. कैसरबागेतील ही संस्था आता भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

शहराच्या दुसऱ्या बाजूला, विमानतळ आणि सरोजिनी नगरकडे जाणाऱ्या कानपूर रस्त्यावर, साक्षरता निकेतन आहे. वेल्दी फिशर या अमेरिकन बाईंनी ते 1953 मध्ये अलाहाबादला सुरू केले आणि 1956 मध्ये लखनौला आणले. तरुणपणी त्यांना ऑपेरा गायिका व्हायचे होते. ते सोडून त्या चीनमध्ये मुलींच्या शाळेत शिकवायला गेल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर भारतातील प्रौढांच्या साक्षरतेच्या कामात पडल्या. निकेतनच्या इमारती लॉरी बेकर यांनी उभारल्या. तिथल्या कार्यकर्त्यांनी कठपुतळ्यांच्या खेळांतून आणि पत्र्याच्या पेट्यांतील पुस्तकांतून खेड्यांपर्यंत अक्षरे नेली. 1964 मध्ये फिशर यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भातखंड्यांनी गाण्याला अक्षर दिले, फिशर यांनी अक्षराला खेळाची साथ दिली. संशोधनाचा विषय या दोन कामांच्या मधोमध आहे.

मूल वाचायला शिकते तेव्हा त्याला आधी एक गोष्ट कळावी लागते. बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो, ही ती गोष्ट. 'कमळ' म्हणजे क, म, ळ. गाण्यात शब्द ताणला जातो, तालावर तुटतो, यमकात पुन्हा भेटतो. त्यामुळे हे तुकडे कानाला स्वच्छ ऐकू येतात. 2002 मध्ये कॅनडात चार-पाच वर्षांच्या 100 मुलांची पाहणी झाली. ज्यांना सूर-ताल चांगले ओळखता येत होते, त्यांची वाचनाची सुरुवातही चांगली होती.

पण इथेच सावध राहावे लागते. बाराखडी सुरात घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलाच 'कै' दाखवला, तर कित्येकदा ते 'क'पासून म्हणू लागते. सूर पाठ झालेला असतो, अक्षर नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना सारख्या ध्वनीचे शब्द ओळखायला शिकवले. त्यात सर्वांत पुढे गेली ती ध्वनीबरोबर प्लास्टिकची अक्षरेही हाताळलेली मुले. 2015 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. संगीताने ध्वनीची जाण थोडी वाढते, पण सफाईने वाचता येतेच असे ठामपणे म्हणता आले नाही.

आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी नेमकी हीच जोड साधली. दूरदर्शनवरील गाण्याच्या ओळी त्याच भाषेत पडद्यावर दाखवायच्या, ही त्यांची कल्पना. 1999 मध्ये ती गुजराती चित्रगीतांवर आणि 2002 पासून 'चित्रहार'मध्ये वापरली गेली. ओळखीचे गाणे कानावर पडते आणि डोळे आपोआप शब्दामागे जातात.

मग संशोधन करणाऱ्या मुलीने कुठे जावे? सरोजिनी नगर तहसीलच्या गावांतील प्राथमिक शाळांत जाता येईल. तिथल्या घरांत सोहर, कजरी अवधीत गायल्या जातात, पुस्तक मात्र प्रमाण हिंदीत असते. घरच्या गाण्यातील शब्द फळ्यावर आले तर मूल लवकर वाचेल का, हा तिचा प्रश्न असू शकतो. एका गटाला गाणे आणि अक्षरे, दुसऱ्या गटाला तितकाच वेळ गोष्ट आणि अक्षरे द्यावीत. शेवटी गायला सांगू नये. न गायलेला, नवा शब्द वाचायला द्यावा. निष्कर्ष 'फरक पडत नाही' असा आला, तरी तो तसाच लिहावा.

राहिला वडिलांचा प्रश्न. लहान मुलांना वाचता, लिहिता आणि साधी गणिते करता यावीत, यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये 'निपुण भारत' मोहीम सुरू केली. गाणे केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नुसते पाठांतर होते, हे अशा कामात शिक्षकाला नेमके सांगू शकणारे माणूस लागतेच. नेट परीक्षेतून संशोधनाची शिष्यवृत्तीही मिळू शकते.

आणि आईला आजच करून पाहता येईल. घरातल्या लहानग्याबरोबर रोजचे बडबडगीत म्हणताना ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवावे. काही दिवसांनी बोट मध्येच एका शब्दावर थांबवून विचारावे, "हे काय लिहिलंय?" मूल पहिल्यापासून गाऊ लागले, तर अजून थोडे दिवस थांबावे. त्याने तो एकच शब्द वाचला, तर मुलीचा विषय आईलाही पटेल.