उंदीरच का?

बँकेत असताना माझ्या शिफारशीने एक म्हैस मणिबेलीला गेली. साल 1988. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा लक्ष्यांक मार्चअखेर पुरा करायचा होता. 'म्हैसच का?' या प्रश्नाचे माझे उत्तर होते : योजनेत बसते म्हणून. नर्मदाकाठच्या त्या डोंगरात तिला चारा कुठला आणि दूध विकायचे कुणाला, हे मी विचारले नाही. "साहेब, ही डोंगर चढत नाही," एवढेच तो कर्जदार म्हणाला. वर्षाच्या आत म्हैस मेली, कर्ज राहिले. पुढे 1993 मध्ये सरदार सरोवराचे पाणी गावात शिरले. ती कथा निराळी.

प्रयोगशाळेतील प्राण्यांवरचा वाद ऐकताना मला ती म्हैस आठवते. एक पक्ष म्हणतो, एकाही प्राण्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, शास्त्रज्ञांना विचारणारे तुम्ही कोण? मला दोन्ही पटत नाहीत. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल ठाण मांडून आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, पोर वेदनेने तळमळते. त्याच्या आईला 'उंदराला दुखते हो' असे सांगायला माझी जीभ रेटणार नाही. पण उंदराला दुखते, हेही खरेच.

म्हणून प्रयोगाची परवानगी मागताना संशोधकाला 'हाच प्राणी का?' याचे कारण लिहून द्यावे लागते, ते मला फार मोलाचे वाटते. उंदराला हा रोग मुळात होतच नाही. हरणांच्या अनेक जातींच्या पेशी काचपट्टीवर वाकतात, हे 1840 पासून ठाऊक आहे; पण हरीण त्याने आजारी पडत नाही. शिवाय त्याच्या पेशी प्राणवायू भरपूर असताना वाकतात, माणसाच्या तो कमी पडल्यावर. वरवरचे साम्य कामाचे नाही. 1997 मध्ये माणसाची सदोष जनुके घातलेले उंदीर अमेरिकेत तयार झाले. वाकलेल्या पेशी मूत्रपिंडाचे, प्लीहेचे काय करतात, हे पाहायला ते उपयोगी. मात्र हायड्रॉक्सियुरिया हे औषध माणसात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, तो गुण या उंदरांत नीट तपासता येत नाही. 1984 मध्ये तो माकडांत दिसला होता. माकडासाठी तर कारण आणखी भक्कम हवे.

रोग एकच, पण प्रश्न बदलला की प्राणी बदलतो. 'सगळे उंदीरच वापरतात', 'उंदीर स्वस्त पडतो' असे कोणी लिहिले, तर तो माझा म्हशीचा प्रस्तावच समजावा आणि समितीने सरळ परत पाठवावा. माझा कोणी पाठवला नाही. वरिष्ठांनी न वाचता सही केली. त्या दिवशी त्यांच्यापुढे तसे चाळीस होते.