महाराष्ट्र प्रीमियर लीगमधील खेळाडू लिलाव व खर्चमर्यादा

महाराष्ट्र प्रीमियर लीग ही महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची ट्वेंटी२० स्पर्धा असून ईगल नाशिक टायटन्स हा तीत नाशिकचे प्रतिनिधित्व करणारा संघ होय. २०२३ च्या पहिल्या लिलावात सहाही संघांना प्रत्येकी २० लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. कोल्हापूर टस्कर्सने नौशाद शेख यांच्यासाठी ६ लाख, म्हणजे मर्यादेच्या ३० टक्के रक्कम मोजली. इतरांसाठी १४ लाख उरले. अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉलमध्ये स्वतःचा खेळाडू राखताना वेतनमर्यादा काही अटींवर ओलांडता येते. काटेकोर मर्यादेने संघांत समतोल राहतो. मात्र एका नामवंतावर मोठा खर्च झाल्यास नवोदितांचा वाटा आक्रसतो. म्हणूनच त्यांची पारख निर्णायक ठरते. त्याच हंगामात नाशिकच्या अर्शिन कुलकर्णी यांनी पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या.