वेळासची कासवं, राजापेठेतून

या अंकासाठी अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या टेबलावर आलेलं प्रवासवर्णन कोकणातल्या वेळासचं आहे. आम्हा वऱ्हाडी माणसांना वन्यजीव म्हटलं की मेळघाट अन् वाघ. ऑलिव्ह रिडले कासवाचं इवलंसं पिल्लू पाहायला मंडणगड तालुक्यात जावं, हे इथे सहसा कोणाच्या मनात येत नाही. (समुद्र पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, हेही खरं.) पूर्वी वेळासच्या किनाऱ्यावरची कासवांची अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती कुंपणात जपली. साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, मग त्यांना समुद्राकडे सोडतात. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. पैसा गावात राहतो. मेळघाटात रिसॉर्ट बांधायला निघालेल्यांनी हा लेख आधी वाचावा.