‘बदलून बघू’ ही काही दुरुस्ती नव्हे

या वीकेंडला कोडबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. आज ट्रकबद्दल. विषय आपल्या क्युबिकलपासून लांबचा वाटेल, पण जरा दम धरा, ओळखीचा निघेल.

पिंप्राळा म्हणजे जळगावातलं रुळांपलीकडचं जुनं गाव. आता शहरातच मिसळून गेलंय. जवळून सुरत-नागपूर महामार्ग जातो. त्याचा नंबर बदलून ५३ झाला त्याला बरीच वर्षं झाली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’च. केळी, डाळ, पाइप, काय वाटेल ते या रस्त्याने जातं. अशा रस्त्यावर चहाला थांबलेली गाडी पुन्हा चालूच झाली नाही, तर पुढचा प्रकार साधारण ठरलेला असतो.

पहिलं निदान ड्रायव्हरच करतो, "सेल्फ गेला." (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर.) मग इलेक्ट्रिशियन येतो, सेल्फ उतरवतो, कार्बन ब्रश बदलतो, परत चढवतो. फरक नाही. "बॅटऱ्या बदलून बघू." बॅटऱ्या येतात. आता इंजिन जोरात फिरतं, पण धरत नाही. "पंपवाल्याला बोलवा." पंपवाला फिल्टर बदलतो, लाइनमधली हवा काढतो आणि शेवटी म्हणतो, "पंप खोलावा लागेल भाऊ." संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची बारीक वायर टर्मिनलपाशी तुटलीय. दोन इंच वायर आणि एक लग. झालं.

यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण कुणी निदानही केलं नाही. ‘बदलून बघू’ हा जुगार आहे आणि डावावर पैसे लागतात गाडीमालकाचे. त्यात केळी भरलेली असेल तर विचारूच नका. केळी हिरवी कापली तरी तिचं पिकणं थांबत नाही. पिकताना ती उष्णता आणि इथिलीन वायू सोडते, त्याने शेजारचा घड पिकायला लागतो. गाडी उभी राहिली म्हणून माल उभा राहत नाही.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिझेलला ती लागत नाही. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आत फवारल्याबरोबर पेटलं पाहिजे, बस. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला वीज लागते ती फक्त सुरू व्हायला. एकदा सुरू झालं की त्याला बॅटरीचं देणंघेणं नाही. गंमत अशी की म्हणूनच ते नुसती वीज तोडून बंदही होत नाही. डिझेल तोडावं लागतं. जुन्या ट्रकमध्ये त्यासाठी ओढायची एक केबल असायची. ओढली की पंपावरचा लिव्हर हलायचा, डिझेल बंद, इंजिन बंद. बिघडून बिघडून बिघडणार काय, तर ती केबल.

पुढे बऱ्याच गाड्यांत त्या केबलच्या जागी सोलेनॉइड आला. म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मधे लोखंडी दांडा. करंट दिला की दांडा सरकतो. याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात करंट आहे तोवर डिझेलची वाट उघडी. करंट गेला की स्प्रिंग ती बंद करते. दुसऱ्यात बरोब्बर उलट: करंट दिला की डिझेल बंद.

आपल्याकडच्या रथोत्सवात रथ थांबवायला चाकाखाली लाकडी मोगरी सारतात, ती आठवा. दुसरा प्रकार तसाच आहे, थांबवायचं असेल तेव्हाच मोगरी लावायची. पहिल्या प्रकारात मोगरी कायम लावलेलीच असते आणि करंट ती उचलून धरतो. त्यामुळे एकच वायर तुटली तरी परिणाम वेगळे. पहिल्या प्रकारची गाडी चालू होणार नाही, दुसऱ्या प्रकारची बंद होणार नाही! आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हेच माहीत नसेल तर सगळं निदान उलटं होतं. आणि पहिल्या प्रकारच्या गाडीला धक्का मारणाऱ्यांसाठी सूचना: सोलेनॉइडला करंट नसेल तर पिंप्राळ्यापासून भुसावळपर्यंत ढकला, चालू होणार नाही. :-)

म्हणून प्रश्न दोनच. इंजिन फिरतंय का? आणि डिझेल पोचतंय का? याची उत्तरं मिळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

फिरत नसेल तर कान द्या. चावी मारल्यावर काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच, नाहीतर बॅटरीचं टर्मिनल. ‘कट-कट-कट’ असा आवाज येत असेल तर बॅटरीत दम नाही किंवा एखादा जोड ढिला आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड ओढतो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वाढतं, पुन्हा ओढतो. त्याचीच ही कटकट. एकच दणदणीत ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, ब्रश, किंवा इंजिनच जाम. आणि मोटर घर्रर्र फिरतेय पण इंजिन हलत नाही, म्हणजे बेंडिक्स फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकत नाहीये.

मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. पूर्ण चार्ज असतील तर मीटर २५ च्या वर दाखवतो. सेल्फ मारताना तो १९ च्या खाली गेला तर बॅटऱ्यांवर संशय घ्या. दोन्ही वेगवेगळ्या तपासा, एक मेलेली दुसरीलाही ओढते. बॅटरीवर आकडा ठीक आणि सेल्फच्या टर्मिनलवर दोन-तीन व्होल्ट गायब? मग दोष मधल्या केबलचा, नाहीतर अर्थिंगचा. टर्मिनल घासून आवळणं एवढाच त्याचा इलाज असू शकतो.

इंजिन फिरतंय पण धरत नाही, तर सायलेन्सरकडे बघा. धुराचा पत्ताच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. टाकी, फिल्टर, लाइनमधली हवा आणि आपला तो सोलेनॉइड, एवढ्यांची झडती घ्या. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. तिथे सोलेनॉइडच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सोलेनॉइड पहिल्या प्रकारचा असेल तर त्याची तपासणी दोन मिनिटांची: चावी ऑन ठेवून त्याची वायर काढायची आणि परत टेकवायची. ‘टक’ आला तर ठीक. नाही आला तर वायरला टेस्ट लॅम्प लावा. बल्ब पेटला तर सोलेनॉइडवर संशय, नाही पेटला तर मागची वायरिंग. एक खोच मात्र आहे. बल्बला करंट थोडाच लागतो. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी बल्ब पेटतो आणि सोलेनॉइड मात्र ओढत नाही. म्हणून शेवटचा निर्णय वायर जोडलेली असताना मीटर लावूनच करायचा.

हे सगळं करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले पाहिजेत. स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवायची युक्ती रस्त्यावर सर्रास चालते. गाडी गिअरमध्ये असेल तर ती खालच्या माणसाच्या अंगावर जाते.

आता मुद्दा. ही इतकी साधी तपासणी होत का नाही?

एक कारण कामाच्या वाटणीत आहे. बॅटरी आणि सेल्फ इलेक्ट्रिशियनचे, पंप आणि नोझल पंपवाल्याचे. ही वाटणी उगाच झालेली नाही. १९५१ साली बंगळूरला ‘मायको’ सुरू झाली (२००८ पासून ती बॉश लिमिटेड या नावाने आहे, नाशिकच्या मायको सर्कलचं नाव तिच्यावरूनच). पंपाचं कॅलिब्रेशन हे टेस्ट बेंचवर करायचं, वेगळं शिकावं लागणारं काम आहे. पण तो सोलेनॉइड बसतो पंपावर आणि चालतो करंटवर. तो कुणाचा? इलेक्ट्रिशियन म्हणतो डिझेलचा प्रॉब्लेम, पंपवाला म्हणतो करंटचा. त्यात कमजोर बॅटरीमुळे सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं तर सोलेनॉइड ओढतच नाही, म्हणजे बॅटरीचा दोष डिझेलचं सोंग घेऊन येतो. फ्रंटएंड, बॅकएंड आणि नेटवर्कवाल्यांच्या कॉन्फरन्स कॉलवर बसलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरं कारण खानदेशातलं ऊन. तांब्याचा रोध दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढतो. वेटोळं ६० अंशांनी जास्त तापलं की रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि ओढण्याची ताकद त्यामुळे कमी होते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात इंजिनाची धग. मग ‘गरम गाडी चालू होत नाही, तासाभराने आपोआप होते’ ही तक्रार येते. आणि त्या तासाभरात मिस्त्रीने जे काही बदललं असेल, त्याला श्रेय मिळतं! सर्व्हर रिस्टार्ट करून ‘फिक्स झालं’ म्हणण्यासारखंच हे. दोष तिथेच राहतो, फक्त पुढच्या गावी निघतो.

तिसरं कारण आपण स्वतः, म्हणजे गिऱ्हाईक. निदानाचे पैसे द्यायची आपल्याला सवय नाही. नवा सेल्फ बसवला की हजारो रुपये निमूट देतो, पण "वायर तुटली होती, जोडली" म्हटल्यावर दोनशे रुपये जिवावर येतात. "एवढंच तर केलंस!" मग मिस्त्री पार्ट बदलणार नाही तर काय करणार? त्याचं पोट पार्टवर चालतं, कारण आपण डोक्याचे पैसे देत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकाराचं मूळ इथे आहे. आणि चांगला पार्ट लावून बघणं मुळात चूकही नाही. फक्त एका वेळी एकच बदलायचा, आणि फरक पडला नाही तर जुना परत लावून पैसे परत. असं कोण करतं?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर चित्र आणखी बदललं. आता डिझेल कधी आणि किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो. क्रँक सेन्सरचा सिग्नल नाही किंवा रेलमध्ये पुरेसा दाब नाही, तर सेल्फ कितीही फिरवा, इंजेक्टर उघडणारच नाहीत. कारण मात्र ईसीयूला माहीत असतं, ते कोडच्या रूपात आत लिहिलेलं असतं. म्हणजे लॉग तयार आहे, पण तो वाचायचा स्कॅनर कंपनीच्या डीलरकडे, आणि गाडी आडरस्त्याला.

यावर भांडण जुनं आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. कंपन्या म्हणतात, सगळं उघडं केलं तर लोक प्रदूषणाच्या सेटिंगशी खेळतील, इमोबिलायझर फोडतील. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय आपल्या धंद्यात रोजचा आहे: रीड परमिशन द्या, राइट देऊ नका. गाडी का चालू होत नाहीये, एवढं डॅशबोर्डवर मराठी-हिंदीत वाचता आलं तर कुणाचं काय बिघडतं? ज्याने गाडीचे हप्ते भरायचे त्याला तिचा लॉग वाचायचा हक्क नको?

ते होईल तेव्हा होईल. तोवर ट्रक असलेल्या काका-मामांना एवढं जरूर सांगा: केबिनमध्ये २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि साधा मीटर ठेवा, सोलेनॉइड कुठल्या प्रकारचा आहे ते गाडी ठणठणीत असतानाच विचारून घ्या. आणि कुणी "बदलून बघू" म्हटलं की एकच शब्द विचारा, "कशावरून?" त्याने नीट तपासून दाखवलं आणि दोष एका वायरीचा निघाला, तर त्याच्या हातावर पूर्ण पैसे ठेवा. तो मिस्त्री जपण्यासारखा आहे.