पहिला नंबर कुणाचा?

दर वर्षी भाऊबीज झाली की आम्ही कॉलेजचे सहा-सात जण एकाच्या घरी जमतो. फराळ उरलेला असतो, चकल्या मऊ पडायला लागलेल्या असतात, आणि वाद घालायला रात्र मोकळी असते. एका वर्षी सर्वोत्तम फलंदाज झाले, एका वर्षी खलनायक. या वेळी कुणीतरी विषय काढला युद्धपटांचा. प्रत्येकाने पाच नावं लिहायची, मग मतं घ्यायची. महाभारत मालिका चालेल का, असा प्रश्न नेहमीच्या माणसाने विचारून झाला. (चालणार नाही असं ठरलं.)

आमच्या वयाच्या पुणेकरांच्या याद्या न बघताही सांगता येतात. 'गन्स ऑफ नॅव्हरोन', 'व्हेअर ईगल्स डेअर', 'द ग्रेट एस्केप'. ही सगळी अलकाच्या मॅटिनीची पुण्याई. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण जर्मन धडाधड पडायचे ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. मला हे तिन्ही अजूनही आवडतात, टीव्हीवर लागले तर उठवत नाही. पण हे युद्धपट आहेत असं मला आता वाटत नाही. ही साहसकथा आहे. फास्टर फेणेला बंदूक दिली की असंच होईल. त्या पिढीतला खरा युद्धपट 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). शत्रूसाठी पूल बांधताना तो पूल इतका चांगला बांधायचा की आपण कुणासाठी बांधतोय हेच विसरायचं... असा कर्नल कुठल्याही ऑफिसात भेटतो. जाता जाता, त्याच्या पटकथेचं ऑस्कर मिळालं मूळ कादंबरीकार पिएर बूलला, आणि त्याने ती पटकथा लिहिलीच नव्हती. ज्यांनी लिहिली ते कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत होते. त्यांचं ऑस्कर त्यांच्या नावावर झालं १९८४ मध्ये, दोघंही गेल्यावर.

असो. माझ्या यादीत वीसेक वर्षं पहिला नंबर ठरलेला होता. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'. १९९८ चा. ओमाहा बीचवरची ती सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं थिएटरात पाहिली तेव्हा माझ्या शेजारचा माणूस पॉपकॉर्नची पिशवी हातात धरून तसाच बसला होता. युद्ध म्हणजे काय ते लोकांना कळायला हवं असेल तर एवढी मिनिटं दाखवा, बाकी भाषणं नकोत, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

सांगत फिरायचो म्हणजे दाखवायचोही. भाचा नववीत असताना सुट्टीत आमच्याकडे आला होता. दिवसभर मोबाईलवर बंदुकीचे खेळ. मी म्हटलं, बस इथे, खरं काय असतं ते बघ. तो बसला. बीचचा भाग संपेपर्यंत गप्प होता, मला वाटलं काम झालं. मग तो स्नायपर आला. देवाचं नाव घेत नेम धरणारा. भाच्याने तो प्रसंग चार वेळा मागे घेऊन पाहिला. रायफल कुठली, ती डाव्या हाताने कशी चालवतो, किती लांबून मारतो... रात्री एकपर्यंत प्रश्न. मी उत्तरंही दिली. मलाही ती माहीत होती, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

दहावीनंतर त्याने एनडीएचं जाहीर केलं. ताईचा फोन आला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. "तूच दाखवलेस ना रे ते पिक्चर?" एवढंच विचारलं. आमच्या घरात सैन्यात कुणी नाही, मागच्या चार पिढ्यांत नाही. मी काहीतरी देशसेवा वगैरे बोललो आणि माझ्याच आवाजाची मला लाज वाटली.

फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोने १९७३ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की खरा युद्धविरोधी सिनेमा आपण पाहिलेलाच नाही. पडद्यावर आलं की युद्ध देखणं होतंच, असा त्याचा रोख. मी हे वाचलं होतं, आणि अतिशहाणपणा म्हणून सोडून दिलं होतं. उलट बाजूही आहे. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' १९३० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले होते, आणि काही दिवसांतच त्यावर बंदी आली. म्हणजे ज्यांना पुढचं युद्ध हवं होतं त्यांना तरी तो सिनेमा धोक्याचा वाटत होता. त्रूफोला विचारायला हवं होतं, उंदीर उगाच सोडले का? पण नऊ वर्षांनी युद्ध झालंच. ते असो.

परत आमच्या मैफिलीकडे. सगळ्यात मोठं भांडण अर्थातच 'बॉर्डर'वरून. आमच्यातला एक जण त्याबद्दल काही ऐकून घेत नाही. १९९७ साली त्याने तो थिएटरात पाच वेळा पाहिलाय. मीही पाहिला, मीही रडलो, गाणी अजून पाठ आहेत. पण लोंगेवालाची खरी हकिगत नंतर वाचली आणि माझा थोडा राग राग झाला. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, २३ पंजाबचे सव्वाशेच्या आसपास लोक, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, समोर चाळीसहून जास्त रणगाडे. रणगाडे काटेरी तारेपाशी आले आणि पुढे सुरुंग पेरलेत असं समजून थांबले. सुरुंग नव्हते! त्या घोळात दोनेक तास गेले. काही रणगाडे वाळूत रुतले. आपल्या हंटर विमानांना रात्री उडता येत नव्हतं, म्हणून पहाटेची वाट बघायची. आणि उजाडल्यावर जैसलमेरहून विमानं आली आणि रणगाडे उघड्यावर सापडले. आपले मेले किती? दोन.

सिनेमात किती मरतात ते आठवा. सुनील शेट्टीने केलेला भैरोंसिंग त्यात मरतो, आणि आख्खं थिएटर हुंदके देतं. खरे भैरोंसिंग राठोड जिवंत होते. सिनेमा आल्यावरही पंचवीस वर्षं जिवंत होते, २०२२ च्या डिसेंबरात जोधपूरला वारले. आपण स्वतःला पडद्यावर मरताना बघणं कसं वाटलं असेल त्यांना? माझं म्हणणं एवढंच की एका रात्रीच्या वाट बघण्यात, तारेच्या एका भेंडोळ्यामुळे वाचलेल्या माणसांत, काय कमी नाट्य होतं? पण वाचलेला माणूस आपल्याला पुरत नाही. मेला की मोठा. माझ्या 'बॉर्डर'वाल्या मित्राने यावर चकलीचा तुकडा माझ्याकडे फेकला आणि म्हणाला, "तू सिनेमा बघ रे, पंचनामा नको करूस."

त्याच्यापुढे मी 'हकीकत' ठेवला. चेतन आनंदचा, १९६४ चा. बासष्टच्या पराभवाला दोन वर्षंही धड झाली नव्हती, नि या माणसाने लडाखमध्ये जाऊन हरण्यावर सिनेमा काढला. थंडी, माघार, पहिली गोळी झाडायची नाही हा हुकूम. शेकोटीभोवती बसलेले जवान घर आठवतात ते गाणं रफी, तलत, मन्ना डे आणि तेव्हा अगदी नवा असलेला भूपिंदर अशा चौघांनी गायलंय, आणि त्यात एकाही ओळीला त्वेष नाही. आज कुणी असा काढेल का, शंका आहे. हरलेल्यांकडे इतक्या मायेने बघायला वेगळी ताकद लागते.

सोलापूरच्या मित्राने 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'चं नाव घेतलं तेव्हा सगळे हसले. गाववाला म्हणून घेतोय म्हणाले. मी हसलो नाही. सोलापूरचा पोरगा १९३८ मध्ये जपान्यांशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला जातो, तिथेच लग्न करतो, आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच मरतो. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यावर सिनेमा केला. नायकाच्या हातात बंदूक नाही म्हणून तो युद्धपट नाही?

तेवढ्यात आतून वहिनी चहा घेऊन आल्या. याद्यांचे कागद उचलून वाचले आणि म्हणाल्या, "यात एक तरी बाई आहे का?" सगळे गप्प. मग त्यांनीच 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'चं नाव सांगितलं. जपानी, १९८८ चा. कोबे शहरावर बॉम्ब पडतात आणि एक मुलगा आणि त्याची चिमुकली बहीण उरतात. "कार्टून आहे ना ते?" असं एकाने विचारलं, त्याला वहिनींनी चहा शेवटी दिला.

मी माझ्या कागदावर पहिलं नाव खोडून 'कम अँड सी' लिहिलं होतं. एलेम क्लिमोवचा, १९८५ चा, सोव्हिएत. बेलारूसमधलं खेडं, १९४३ साल. त्याची सुरुवात कशी आहे माहितीय? एक पोरगा वाळूत खणतोय. पुरलेली रायफल शोधतोय, कारण ती मिळाली की त्याला जंगलातल्या लढवय्यांत भरती होता येणार. मिळते. पोरगा खूश. त्याची आई त्याच्या हातात कुऱ्हाड देते आणि म्हणते, जायचंच असेल तर आधी आम्हाला मार. आणि तो? तो लहान बहिणींकडे बघून त्यांना हसवायला बघतो. त्याला हे सगळं आईचं नेहमीचंच नाटक वाटतं.

पुढे काय होतं ते सगळं सांगत नाही. एकच. पोरगा गावी परततो, घर रिकामं, चुलीवरचं अजून गरम, माश्या घोंगावतायत. आई कुठेतरी लपली असेल म्हणून तो धावत सुटतो. त्याच्याबरोबरची मुलगी धावता धावता एकदाच मागे वळून बघते. घरामागच्या भिंतीपाशी काय रचून ठेवलंय ते तिला दिसतं, आपल्याला दिसतं, त्याला नाही. दोन-तीन सेकंद फक्त. स्पीलबर्गच्या सगळ्या बीचपेक्षा मला ते जड गेलं. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. क्लिमोव स्वतः लहानपणी स्टालिनग्राडमधून जीव घेऊन निघालेला. या सिनेमानंतर त्याने दुसरा सिनेमा केला नाही.

भाच्याची एनडीएची लेखी परीक्षा पास झाल्यावर मी त्याला म्हटलं, हा बघ, मग जा. त्याला थांबवायचा हेतू होता का? होता, थोडा होता. ताईकडेच बघितला, हॉलमध्ये. ताई आमच्यामागे भाजी निवडत बसली होती. कुऱ्हाडीचा प्रसंग आला तशी उठून आत गेली, कुकर लावायला. शिट्ट्या झाल्या तरी बाहेर आली नाही. भाचा मात्र पूर्ण बसला, या वेळी एकदाही मागे घेतलं नाही. संपल्यावर बराच वेळ बोलला नाही.

मग म्हणाला, "मामा, पण शेवटी तो मुलगा पळत जाऊन परत त्या तुकडीत सामील होतोच ना?"

होतो. हे मी पूर्ण विसरलो होतो.

आमच्या मतदानात 'बॉर्डर' पहिला आला, चार मतं. 'कम अँड सी'ला एक, माझंच.

भाच्याची एसएसबीची मुलाखत पुढच्या महिन्यात भोपाळला आहे. ताईने रेल्वेची तिकिटं काढली, दोन. आईवडिलांना आत घेत नाहीत, पाच दिवस मुलं तिथेच राहतात, हे तिला सांगून झालंय. तिला माहीत आहे म्हणाली.