रेघ तिची, नावही तिचंच



गेल्या उन्हाळ्यात जळगावजवळच्या एका गावातल्या सात मुलींबरोबर मीही संगणकावर घराचा नकाशा काढायला शिकले. एमएसडब्ल्यू करताना आम्ही वस्तीचे नकाशे अंगणात रांगोळीने काढायचो. इथे मात्र माप चुकलं की भिंतच चुकते.

पहिला धडा मापाचा. आधी एकक ठरवायचं, मिलिमीटर की फूट. पडद्यावर भिंत खऱ्या लांबीची काढायची. प्रमाण लावायचं ते कागदावर छापताना. एक रेघ ओढायची, ‘ऑफसेट’ने २३० मिलिमीटरवर तिला समांतर दुसरी, की झाली नऊ इंची भिंत. जास्तीची रेघ ‘ट्रिम’ने छाटायची. भिंती, दारं, वीज, पाणी यांचे ‘लेयर’ वेगवेगळे. दहावीचं गणित याला पुरतं.

सरावाला घेतलं घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. आमचे नकाशे बघायला आलेल्या एका मुलीच्या आईने, धुळ्याकडच्या मावशींनी, विचारलं, “मोरी कोठे शे?” आम्ही आठही जणी गप्प! भांडी घासायची जागा, पाण्याची टाकी, धुराला वाट, काहीच आमच्या नकाशात नव्हतं. रेघा सरळ होत्या, पण घर पुरुषाच्या नजरेने काढलेलं होतं. आणि काढणाऱ्या आम्ही बायकाच होतो.

म्हणून नुसतं ‘मुलींना संगणक शिकवा’ म्हणून भागणार नाही. एका खाजगी क्लासचालकाने आम्हाला सांगितलं होतं, “मुलींना डेटा एंट्री बरी, साइटवर कुठे जाणार त्या?” शिकलेली मुलगीही अनेकदा दुसऱ्याने काढलेल्या कच्च्या रेघा पक्क्या करत बसते. बांधकामावर जात नाही, म्हणून तिचा पगार वाढत नाही, आणि निर्णयात तिला कुणी विचारत नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते: काढणार, तपासणार, मंजूर करणार. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडलो. ही चौकटही त्याच भांडणातली आहे, असं मला वाटतं.

गटांनी काय करावं? आयटीआयमध्ये आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. दहावीचा निकाल लागताच घरोघरी जाऊन ते सांगावं. क्लासची फी परवडत नसेल तर लिब्रेकॅड ही मोफत प्रणाली साध्या, जुन्या संगणकावरही चालते. गटाच्या कार्यालयात एक संगणक त्यासाठी ठेवावा. मुलगी नोकरीला लागली की तिला बांधकामावर जाऊ द्या, असा आग्रह मालकाकडे धरावा, आणि तिच्या घरीही.

आणि नकाशा पुरा झाला की तो आधी तिच्या आईला दाखवावा. मोरी कुठे आहे, हे तीच विचारेल.